डवरा की खुरपं? गोष्ट हिरड्यांच्या निंदणाची

"दात साफ करून नको घेऊ वं बाई, मंग सगळेच ढिल्ले होतेत!" हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्या वाशीम जिल्ह्यात सापडायची नाही. जाऊबाई सांगते, शेजारची काकू सांगते, मंगरूळपीरच्या एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा सांगते. आणि सांगणारीच्या तोंडात बघाल तर पुढचे दोन दात नाहीत, दाढा केव्हाच गेलेल्या. तिनं कधी दात साफ करून घेतलेच नव्हते!

गेल्या काही वर्षांत या भीतीला एक नवा पदर जोडला गेलाय. तो म्हणजे मशीनचा. "आमच्या डॉक्टरनं हातानं साफ केले, मशीन नाही लावली," असं एकीनं कौतुकानं सांगायचं, तर दुसरीनं, "हातानं? आता तर सगळीकडे मशीनच असते," असं नाक मुरडायचं. मशीननं दाताचा मुलामा जातो, हातानं नीट निघत नाही, मशीननं फटी पडतात... प्रत्येकीचं मत वेगळं. म्हणून म्हटलं, आज याच विषयावर जरा निवांत बोलू या. कारण मशीन की हात, या वादात खरा प्रश्न बाजूलाच राहतो आणि चाळिशीतल्या बाईच्या तोंडात कवळी येते.

आधी आजार समजून घेऊ. दातांवर रोज एक चिकट पातळ थर बसतो. जिवाणूंचा. तो ब्रशनं निघतो. नाही काढला तर थुंकीतल्या क्षारांमुळे तो दगडासारखा होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर पांढरा कडक थर चढतो ना, तसंच. एकदा कडक झाला की ब्रशनं कितीही घासा, निघत नाही. उलट त्या खडबडीत थरावर नवे जिवाणू जास्त आरामात बसतात. हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लावला की रक्त येतं. इथवर असेल तर आजार पूर्ण बरा होतो.

पण बऱ्याचजणी इथं थांबत नाहीत, म्हणजे डॉक्टरकडे जात नाहीत. मग हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाली की तो आजारी खिसा समजायचा. कीटण आता खिशाच्या आत, मुळावर बसतं आणि दात धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजायला लागतं. दुखत मात्र नाही! हाच या आजाराचा कपटीपणा. कीड लागलेली दाढ रात्रभर रडवते, पण हिरड्यांचा आजार दहा वर्षं गुपचूप हाड खातो आणि एक दिवस भाकर चावताना दात हलतो. मग बाई डॉक्टरकडे जाते आणि म्हणते, "काढून टाका एकदाचा."

आता ते 'ढिल्ले' होण्याचं कोडं. हाड आधीच गेलेलं असतं. दात नुसत्या कीटणाच्या आधारानं एकमेकांना चिकटून उभे असतात. कीटण काढलं की खरी परिस्थिती उघडी पडते. सुजलेली हिरडी बरी होताना आकसते, म्हणून फटी दिसतात आणि मूळ उघडं पडल्यामुळे गार पाण्यानं दात शिवशिवतात. हे शिवशिवणं बहुधा काही आठवड्यांत कमी होतं. हिरडी घट्ट बसली की पुष्कळदा हलणारा दातसुद्धा थोडा सावरतो. भिंत आधीच पोखरलेली होती, आपण फक्त कॅलेंडर काढलं!

तर हे कीटण काढायचं कशानं? हत्यार काही आजचं नाही. सुश्रुतसंहितेत दातांवरच्या या थराला 'दंतशर्करा' म्हटलंय आणि शस्त्रांच्या यादीत 'दंतशंकु' नावाचं खरवडायचं शस्त्र आहे. हिरडीच्या मुळांना इजा न होऊ देता ती शर्करा काढावी, असं वैद्याला बजावलंही आहे. हजारेक वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या अल-जहरावी नावाच्या शल्यवैद्यानं तर दात खरवडायच्या चौदा हत्यारांची चित्रंच काढून ठेवली. एका बैठकीत नाही निघालं तर पुन्हा बोलवा, असा त्याचाही सल्ला होता.

आजची हातानं वापरायची हत्यारं मुख्यतः दोन. विळ्यासारखं टोकदार ते स्केलर, हिरडीच्या वरच्या कीटणासाठी. आणि गोलसर टोकाचा, चमच्यासारखा बारीक तो क्युरेट, हिरडीच्या आत जाण्यासाठी. अमेरिकेतल्या मिशिगनच्या क्लेटन ग्रेसी नावाच्या दंतवैद्यानं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात क्युरेटचा एक संचच तयार केला. पुढच्या दातांना वेगळा, दाढेच्या मागच्या बाजूला वेगळा, पुढच्या बाजूला वेगळा. आजही दंत महाविद्यालयात मुलं-मुली हात बसवतात तो याच 'ग्रेसी'वर.

मशीन आलं १९५० च्या दशकात. खरं तर ते दात कोरण्यासाठी आणलं होतं, पण त्या कामाला फार चाललं नाही आणि कीटण काढायला मात्र उत्तम ठरलं. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं. इतकं बारीक की डोळ्यांना ते हलताना दिसत नाही. या थरथरीनं कीटणाला तडे जातात आणि ते गळून पडतं. टोक तापू नये म्हणून सतत पाणी सुटतं. तेच पाणी खिशात शिरून घाण धुऊनही काढतं. याला अल्ट्रासोनिक म्हणतात, कारण ही कंपनं आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पलीकडची असतात. जो 'चीं' आवाज ऐकून आपण खुर्चीचे हात घट्ट धरतो, तो त्याच्या बरोबरीनं येणारा. आत ना ड्रिल असतं, ना ब्लेड.

आता मुद्द्याचा प्रश्न. चांगलं कोणतं?

यावर नुसत्या गप्पा नाहीत, मोजमाप झालंय. स्वीडनमधल्या बाडरस्टेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली एक साधा पण हुशार प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा रुग्ण घेतले आणि एकाच माणसाच्या तोंडात काही दातांना हाताची हत्यारं, काही दातांना मशीन वापरलं. तोंड एकच, ब्रश एकच, खाणं एकच, त्यामुळे तुलना अगदी रास्त. वर्षभराहून जास्त काळ पाहिलं. दोन्ही बाजूंच्या हिरड्या सारख्याच सुधारल्या! १९८४ साली जास्त खोल खिसे असलेल्या रुग्णांवर हेच केलं, निकाल तोच. २००२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तोवरचे असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. परिणामात फरक नाही, पण मशीननं सुमारे ३७ टक्के वेळ वाचतो, असा निष्कर्ष निघाला. २०२० साली युरोपातल्या हिरड्यातज्ज्ञांच्या संघटनेनं उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली, त्यातही हेच सांगितलं: हातानं करा, मशीननं करा किंवा दोन्ही मिळून करा. त्याच वेळच्या आढाव्यात असंही दिसलं की नीट सफाई केल्यावर सहा-आठ महिन्यांत सुमारे तीन-चतुर्थांश आजारी खिसे बंद होतात. ऑपरेशन न करता, बरं का.

म्हणजे 'माझ्या डॉक्टरनं मशीन नाही लावली' किंवा 'मशीनच लावली' यात ना कौतुक, ना तक्रार.

तरीही प्रत्येकाची आपापली बाजू आहे. आपल्या शेतातलंच बघा ना. सोयाबीनमध्ये डवरणी करतो तेव्हा दोन तासांमधलं तण भराभर निघतं. पण झाडाच्या बुडाशी चिकटलेलं तण डवऱ्याला सापडत नाही. तिथं निंदणच लागतं, खुरपं घेऊन वाकावंच लागतं. दातांचंही तसंच आहे. जुनं, जाड, सगळीकडे पसरलेलं कीटण मशीन पटकन काढतं. शेवटी खिशाच्या तळाशी चिकटलेला बारीकसा खडा मात्र क्युरेट हातात असला की बोटांना 'लागतो'. मशीनच्या थरथरीत ती जाणीव कमी होते. त्यामुळे अनेक अनुभवी डॉक्टर आधी मशीन फिरवतात आणि मग हातानं तपासत तपासत उरलेलं काढतात.

एका ठिकाणी मात्र मशीन खुरप्यावर मात करतं. दाढेची मुळं जिथं फुटतात तो दुबेळका. १९७९ साली एका संशोधकानं दाढांची मोजणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त दाढांमध्ये त्या फटीचं तोंड पाऊण मिलिमीटरपेक्षाही अरुंद निघालं. नव्या क्युरेटचं पातं साधारण तेवढंच किंवा त्याहून रुंद असतं, मग ते आत जाणार कसं? मशीनची बारीक टोकं जातात. ज्या दाढांनी आपण आयुष्यभर भाकर चावतो, त्या दाढा बऱ्याचदा याच फटीतून जातात, म्हणून हा फरक लहान समजू नका.

आणि 'मशीननं मुलामा जातो' या समजुतीचं काय? १९९१ सालच्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात दाताच्या मुळावर बारा-बारा वेळा हत्यार फिरवलं. क्युरेटनं मुळाचा सुमारे १०९ मायक्रॉन थर गेला, अल्ट्रासोनिकनं जेमतेम १२. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) म्हणजे समजूत उलटीच निघाली! अर्थात टोक आडवं न ठेवता उभं टोचलं, जोर लावला, तर मशीनही मुळावर ओरखडे काढतं. शेवटी हात कुणाचा, यावर बरंच अवलंबून.

काही बायकांसाठी मात्र निवड खरोखरच महत्त्वाची असते. हृदयात पेसमेकर बसवलेला असेल तर ते आधीच सांगा. काही प्रकारच्या जुन्या मशीनबद्दल डॉक्टर सावधगिरी बाळगतात, तिथं हाताची हत्यारं किंवा दुसऱ्या प्रकारचं मशीन वापरता येतं. क्षयाचा उपचार सुरू असेल, सतत खोकला असेल तर तेही सांगा. कारण मशीनच्या पाण्याचे बारीक तुषार खोलीभर उडतात. २०२० मध्ये कोरोनात याच कारणानं मशीन बाजूला ठेवून डॉक्टरांनी पुन्हा ग्रेसी हातात घेतली होती. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर तेही लपवू नका आणि गोळ्या मनानं बंदही करू नका.

हाताच्या हत्याराला वीज लागत नाही, हाही आपल्याकडे छोटा मुद्दा नव्हता. वीसेक वर्षांपूर्वीचं भारनियमन आठवा! पंखा बंद, मशीन बंद, पण खिडकीच्या उजेडात हातानं काम चालायचं. खेड्यातल्या शिबिरात आजही हा फायदा आहेच. हत्यार हाताचं असो की मशीनचं टोक, ते प्रत्येक रुग्णासाठी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या कुकरमध्ये, निर्जंतुक केलेलं हवं. नुसतं पाण्यात बुडवून पुसलेलं नको. विचारायला लाजू नका. आपण भाजी घेताना चार वेळा विचारतो, मग तोंडात जाणाऱ्या लोखंडाबद्दल का नको?

माझ्या मते मशीन-हात यापेक्षा मोठा फरक दुसराच आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तो म्हणजे सफाई हिरडीच्या वर झाली की आतसुद्धा? वरवरची सफाई दहा-पंधरा मिनिटांत होते, दात चकचकीत दिसतात, बाई खूश होऊन घरी जाते. खिशातलं कीटण तसंच! आतल्या सफाईला वेळ लागतो, गरज पडली तर भूल द्यावी लागते. म्हणून खुर्चीत बसल्यावर हे विचारा, "डॉक्टर, खिसे मोजले का? किती खोल आहेत?" एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडीच्या कडेनं फिरवून मोजमाप घेतात. दोन-चार मिनिटांचं काम. ते झाल्याशिवाय कुठली सफाई हवी हे ठरवायचं तरी कसं?

दुसरा प्रश्न फेऱ्यांचा. रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या खेड्यातून एका बाईला दाताच्या डॉक्टरकडे चार वेळा यायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी, चार वेळा एसटीचं तिकीट आणि चार वेळा घरच्यांची तोंडं. पूर्वी तोंडाचे चार भाग करून आठवड्या-आठवड्याला एकेक भाग साफ करायची पद्धत होती. अजूनही आहे आणि ती चांगलीच आहे. पण पूर्ण तोंड चोवीस तासांच्या आत एक-दोन बैठकांत केलं तरी फायदा तेवढाच होतो, असं २०२० च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी मान्य केलंय. लांबून येणाऱ्या बाईनं हे डॉक्टरला मोकळेपणानं सांगावं: "मी गावाहून येते, कमी फेऱ्यांत होईल का?" इथं मशीननं वाचणारा वेळ खरा कामी येतो. हृदयविकार किंवा दुसरा मोठा आजार असेल, तर मात्र डॉक्टर म्हणतील तसं थोडं थोडंच करून घ्या.

आता जरा अवघड विषय. मिश्री. नाव काढलं की घरातली म्हातारी रागावते, ठाऊक आहे. पण २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभरातल्या १७ बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. त्यातल्या कितीतरी ती 'खात' नाहीत, फक्त 'दाताला लावतात'! टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासूनच बंदी आहे. पण घरी तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण बंदी घालणार? जिथं मिश्री रोज लागते तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर हे स्पष्ट दिसलंय की हिरडीतून रक्त कमी येतं आणि आजार लपून राहतो. त्यामुळे 'मिश्रीनं माझ्या हिरड्या बांधून राहिल्या' हा अनुभव फसवा आहे. आणि तोंडाच्या कॅन्सरचं भय वेगळंच. सफाई हातानं करा की मशीननं, वर पुन्हा मिश्री चालू ठेवली तर पैसे निम्मे पाण्यात.

साखरेचा आजार असलेल्या मैत्रिणींनी तर हिरड्यांकडे दुर्लक्ष करूच नये. हे दोन आजार एकमेकांना खतपाणी घालतात. साखर जास्त असली की हिरडी लवकर बिघडते आणि हिरडीतली सूज साखर वाढवते. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की हिरड्यांची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा सरासरी ०.४३ नं खाली येतो. औषध बंद करण्याइतका हा फरक नाही, पण एका सफाईच्या मानानं थोडाथोडकाही नाही.

गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, तेव्हा सासूबाई म्हणतात, "आता काही करू नका, बाळंतपणानंतर बघू." असं नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई निर्धास्तपणे करून घेता येते. यामुळे बाळंतपण वेळेवरच होईल असा दावा कुणी केला तर मात्र विश्वास ठेवू नका. २००६ सालच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात सफाई सुरक्षित ठरली, पण अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं काही त्यामुळे कमी झाली नाहीत. आईला नीट जेवता यावं, तोंडातून रक्त येऊ नये, एवढं कारण पुरेसं नाही का?

जायचं कुठं? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झालेत, त्यामुळे आधी वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात दंतविभागाची चौकशी करा. आजार फार पुढे गेलेला असेल तर दंत महाविद्यालयातला हिरड्यांचा स्वतंत्र विभाग उत्तम. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे, छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीला आणि जवळ म्हणाल तर अकोल्यातही दंत महाविद्यालय आहे. तिथं शिकाऊ डॉक्टर असतात, वेळ जास्त लागतो, पण वर शिक्षकांची नजर असते. आठवडी बाजारात पथारी टाकून 'पाच मिनिटांत पांढरे' करणाऱ्याकडे मात्र चुकूनही बसू नका. आणि मेडिकलमधून नुसत्या गोळ्या आणून खाऊ नका. कीटणाच्या दगडाखाली लपलेल्या जिवाणूंना गोळी पोचत नाही, आधी दगड हलवावा लागतो.

सफाईनंतर दोन-तीन दिवस हिरडी हुळहुळते. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, तिखट-गरम जरा बेतानं खा. ब्रश बंद करायचा नाही, मऊ ब्रश घ्यायचा. दातांच्या फटींसाठी छोटा बाटली-ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश मिळतो, वाशीमला नाही मिळाला तर डॉक्टरांकडे मागा. सहा-आठ आठवड्यांनी खिसे पुन्हा मोजून घ्यायचे. जो खिसा अजून खोलच आहे, तेवढ्यापुरतं पुन्हा निंदण. त्यातूनही बंद झाला नाही तरच ऑपरेशनचा विचार. त्यानंतर आजार जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी, नाहीतर सहा महिन्यांनी तपासणी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच खूण करून ठेवा. आषाढीच्या सुमाराला सफाई झाली असेल, तर तीन महिन्यांची पुढची फेरी दसऱ्याच्या आसपास येते. सोयाबीन काढणीची घाई सुरू व्हायच्या आधीच एक दिवस मोकळा ठेवलेला बरा.